रुमालाखालचे तीन हात

आक्कांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्यामुळं आमच्या बँडची तालीमसुद्धा दिवस मावळायच्या आतच संपायची. रॉक वाजवणारी पोरं म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढं रात्रभर जागणारी, केस वाढवलेली पोरं येतात. केस आमचेही वाढलेले होते. पण साडेपाच वाजले की जिन्याखालून आक्कांची हाक यायची, "आदू, ऊन उतरलं बग. त्या पोरास्नी घिऊन ये की जेवायला," आणि रफीक ठेका अर्धा टाकून काठ्या खाली ठेवायचा. आदू म्हणजे आदगोंडा, आमचा बेस गिटारवाला आणि आक्कांचा थोरला मुलगा. सांगलीत त्याच्या वडिलांचं हळदीचं आडत दुकान होतं. दुकानामागं गोदाम, गोदामावर एक लांबोडकी पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. तालीमही तिथंच, गिटारवर मी. साताऱ्याहून डिप्लोमाला आलो होतो. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांची पत्रंसुद्धा हुकूम सुटल्यासारखी यायची. त्या घरातून या घरात आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की जेवताना मोठ्यानं बोललं तरी चालतं.

आक्कांच्या हातची ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, वर घरच्या तुपाची धार आणि कडेला शेंगदाण्याची चटणी. घर जैन, कांदा-लसूण तिथं शिजत नसे, तरीही त्या आमटीसारखी चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही. सणाला खपली गव्हाची खीर व्हायची, तिला तिथं हुग्गी म्हणत. आक्का आम्हा चौघांना ओळीनं बसवायच्या. रफीक मिरजेचा. त्याचे वडील वरातीत बेंजो वाजवायचे आणि तोही लहानपणापासून त्याच पार्टीत ताशा बडवत मोठा झालेला. संभा कवठेमहांकाळकडचा. आमची गाणी तोच लिहायचा आणि गायचाही तोच. बँडचं 'कोरडवाहू' हे नावही त्याचंच. आक्कांचा जीव सगळ्यात जास्त संभावर, कारण तो मागून खायचा.

"आक्का, आजून एक टाका की. घरला गेल्यावर हाय मग उपास."

"मेल्या, पोटात पेव हाय का काय तुज्या?"

"हाय की. पर त्यात हळद न्हाई, नुसता वारा हाय."

पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेलं खोल कोठार. तोंड एवढंसं, पोट मोठं, वरून बघितलं तर विहिरीत डोकावल्यासारखं. आदूच्या घरची तसली दोन पेवं जवळच हरिपुरात होती आणि त्यातलं एक रिकामं पडलेलं होतं. त्यात ओरडलं की आवाज खाली जाऊन, गोल फिरून, जरा मोठा होऊन वर यायचा. संभानं एकदा मजेत आत तोंड घालून "ए आयोव" अशी हाक मारली, आणि वर आलेला आवाज पुन्हा ऐकायला आम्ही चौघंही पालथे पडलो. तिथून पुढं आमची सगळी गाणी त्या पेवाच्या तोंडाशी रेकॉर्ड झाली. दोरीनं माइक आत सोडायचा, संभा पालथा पडून आत तोंड घालून गाणार, आणि आम्ही तिघं झाडाखाली वाजवणार. आत कुणी उतरायचं नाही अशी आदूच्या वडिलांची, तात्यांची, सक्त ताकीद होती. बंद पेवात हवा मरते, माणूस बेशुद्ध पडतो; म्हणून जाणती माणसं आधी कंदील सोडून बघत, तो विझला की उतरायचं नाही. रफीक म्हणायचा, "संभ्याचं गाणं सोडा आधी आत. त्याला काय झालं नाही तर मग माणूस सोडू."

ठेके रफीकनं गोदामातून उचलले होते. खाली हळद पॉलिश करायचा मोठा ड्रम फिरायचा, घर्रर्र करून एक हिसका, मग पुन्हा घर्रर्र. तो हिसका त्यानं जसाच्या तसा घेतला. आमच्या अंगाला, गिटारच्या तारांना, कॅसेटच्या डब्यांना सगळीकडं पिवळी पूड असायची. कॉलेजातली पोरं हात बघून विचारायची, "काय रं, हळद कवा लागली?" अख्खा अल्बम करायची ऐपत आणि धीर दोन्ही नव्हतं, म्हणून एका कॅसेटवर एकच गाणं भरायचं, आणि उलटी घालायचा त्रास नको म्हणून दुसऱ्या बाजूलाही तेच. त्यांना आम्ही सुटी गाणी म्हणायचो. अशी सात सुटी गाणी आम्ही केली. कॉलेजांच्या गॅदरिंगला, एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या गाड्यांवर ती हातोहात फिरली. सगळ्यात जास्त चाललं ते बोअर मारण्याचं गाणं:

चारशे फुटाला फुफाटा
आय म्हनं, आजून जरा

बाकीचं गाणं म्हणजे यंत्राचा आवाज, आणि मधेमधे संभा नुसतं "आजून जरा, आजून जरा" म्हणत राहायचा. हसायला यायचं, आणि गाणं संपलं की हसल्याचं वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी पुण्याहून अनघा नावाच्या बाईंचा फोन आला. जुन्या कॅसेटींतला आवाज साफ करून जपून ठेवायचं काम त्या करतात. त्यांना कुठल्याशा रद्दीत आमची एक कॅसेट सापडली होती, मग शोधून शोधून सातही मिळवल्या. सातांची मिळून एक तबकडी काढायची होती. "तुमच्या चौघांच्या संमतीच्या सह्या हव्यात," त्या म्हणाल्या, "आणि आत छापायला तुम्ही एक पान लिहून द्या. बँड कसा जमला, का फुटला." मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. पान लिहायला मी दुपारच्या सुट्टीत बसलो आणि 'मतभेदांमुळे' असा शब्द लिहिला. मग तो कागद फाडला, कारण मतभेद नव्हते. मतभेद असते तर बँड फुटला नसता. हे प्रकरण त्या फाडलेल्या कागदाच्या जागी लिहितो आहे.

सांगलीच्या बाजारात त्या काळी हळदीचे सौदे हत्त्यानं होत. म्हणजे भाव तोंडानं बोलायचा नाही. मालाच्या बाजूचा माणूस हातावर रुमाल टाकणार, घेणारा व्यापारी रुमालाखाली हात घालून त्याची बोटं दाबणार, आणि कुणी किती दाबलं हे त्या दोघांनाच ठाऊक. शेवटी निकाल तेवढा मोठ्यानं सांगायचा. आम्ही वर खिडकीतून बघायचो. रुमालाच्या वर तोंडं अगदी निर्विकार, कुणी जांभई देतंय, कुणी पान चघळतंय. आदूनं ती पद्धत बँडमध्ये आणली. चौघांत भांडणं तर व्हायचीच. कुठलं गाणं सुटं काढायचं यावर एकदा रफीकनं संभाला काठी फेकून मारली होती. तेव्हापासून असं ठरलं की ज्याचा माल, त्यानं रुमाल धरायचा. त्याला मत नाही. बाकीचे तिघं एकेक करून हात घालतील. एक बोट म्हणजे होय, दोन बोटं म्हणजे नाही. रुमाल धरणारा फक्त किती होय आणि किती नाही ते सांगेल. कुणाचं काय, हे तो सांगणार नाही आणि बाकीचे विचारणार नाहीत. तात्यांनी आम्हाला एकदा गंभीरपणे समजावलं होतं, "रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हातंय म्हनून पेठ चालती. ईचारलं, की समोरच्याला खोटा म्हणल्यागत झालं. एकदा का खोटा म्हणला, की सपलं."

गाणी संभाची, म्हणून रुमाल बहुतेक वेळा संभाच धरायचा. त्यानं कधी खोटं सांगितलं असेल असं आमच्या मनातही आलं नाही. ती पद्धत किती भाबडी होती हे मला आता दिसतं. बाजारात सौदा खोटा सांगितला तर दुसऱ्या दिवशी माल उचलताना उघडं पडतं. आमच्याकडं उघडं पडायला काहीच नव्हतं.

मग मुंबईहून कॅसेट कंपनीचे एक गृहस्थ आले. गाणी त्यांनी ऐकली होती, माणसं बघायची होती. वरच्या खोलीत येईपर्यंत हळदीच्या पुडीनं त्यांना सात-आठ शिंका आल्या. आम्ही तीन गाणी वाजवली. ते म्हणाले, "गाणी उत्तम. ठेका तर फारच वेगळा. फक्त आवाजात माती जरा जास्त आहे. हाय, न्हाई, म्हनं... हे तुमच्या जिल्ह्याबाहेर कोण ऐकणार?" मग माझ्याकडं बोट केलं. "हे गातात का? यांचे उच्चार स्वच्छ आहेत."

संभा माइकसमोरच उभा होता. तो म्हणाला, "म्हंजी मी काय करू सायेब? टाळ्या वाजवू?"

"तुम्ही लिहा ना. लिहिता छानच."

सोमवारपर्यंत कळवा, असं सांगून ते गेले. जिन्यात मी त्यांना सोडायला गेलो होतो. तिथं ते मला वेगळं काहीही बोलले नाहीत, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. मला कुणी फितवलं नाही. मी वर आलो, भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज चुकवून खोलीला आतून कडी घालून आरशापुढं ते बोअरचं गाणं म्हणून बघितलं. 'चारशे फुटांवर धुरळा, आई म्हणे, अजून जरा.' मला माझा आवाज आवडला. वडिलांनी रेडिओवर माझं नाव ऐकलं तर त्यांचं तोंड कसं होईल, तेही मी आरशात करून बघितलं. एकवीस वर्षांचा होतो. वयाचं कारण पुढं करायचा मोह होतो, पण बाकीचे तिघंही एकवीसचेच होते.

रविवारी दुपारी गोदामात बसलो. ड्रम बंद, हमाल जेवायला गेलेले. आदू म्हणाला, "हत्त्यानं ठरवू." गाणार मी, म्हणजे माल माझा, म्हणजे रुमाल माझ्या हातात. हे कुणाला खटकलं नाही. नियम तो नियम. आदूनं तात्यांचा खांद्यावरचा पांढरा पंचा आणला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. प्रश्न मीच मोठ्यानं म्हटला: "कंपनीसाठी गाणारा बदलायचा का?"

पहिला रफीक आला. त्याची बोटं नेहमीसारखी आधी माझ्या तळव्यावर ठेका धरून नाचली, आणि मग त्यानं दोन बोटं दाबली. मग आदू. त्यानं दोन बोटं इतकी जोरात दाबली की माझा हात पोत्यावरून खाली गेला. शेवटी संभा. त्याचा हात खरबरीत, कोरडा. तो जरा थांबला. मला वाटलं, हा एक बोट दाबतोय. त्याच्या स्वभावात ते होतं, दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून आपलं सोडून द्यायचं. पण त्यानंही दोन दाबली. हळू दाबली, मागून खाणाऱ्या माणसासारखी नव्हे, पहिल्यांदा पाहुणा म्हणून आलेल्या माणसासारखी. त्याला गायचं होतं.

तीन नाही. मी पंचाची घडी घातली आणि म्हणालो, "दोन होय, एक नाही."

एवढंच. माझे उच्चार स्वच्छ होते.

त्या वेळी मला एवढंच वाटलं होतं की निकाल फिरवला. खरं काय केलं ते तिघांची तोंडं बघून कळलं. प्रत्येकाला वाटलं, तो एकमेव 'नाही' आपला, आणि उरलेल्या दोघांनी दगा दिला. रफीक आदूकडं बघत होता, आदू रफीककडं, मग दोघं संभाकडं, की हा स्वतःच सोडून निघाला काय? आणि संभा दोघांकडं. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. मला तर मतच नव्हतं.

संभा हसला. "बरं झालं गड्या. घसा लय धरत व्हता."

कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नसतंच. आक्कांनी हाक मारली तेव्हा ऊन अजून बरंच होतं. संभा गोदामातून बाहेर आला आणि चपला घालू लागला. आक्का ताट घेऊन दारात आल्या. "आवं, हे काय? पानावरनं उठून चाललास व्हय रं?" तो म्हणाला, "आज पोट भरलंय, आक्का." त्या घरात संभाच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. आक्का ताट हातात धरून रस्त्याकडं बघत राहिल्या आणि मग ते ताट त्यांनी मला वाढलं. मी जेवलो.

माझ्या आवाजातलं ते आठवं गाणं कंपनीनं काढलं. ते कुणी ऐकलं नाही. जिल्ह्याबाहेर नाही आणि जिल्ह्यातही नाही. रफीक रेकॉर्डिंगला आला, वाजवलं आणि परत मिरजेला गेला तो कायमचाच. आदूनं बेस गिटार पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मी साताऱ्याला परतलो आणि नोकरीला लागलो.

आता जे लिहितो ते मला त्या पंचापेक्षा जड जातं. मी तिघांशीही मैत्री टिकवली. लग्नाकार्याला तिघांकडं गेलो, आजारपणात फोन केले. आणि तिघांनीही, आपापल्या वेळी, नियम मोडून माझ्याजवळ मन मोकळं केलं. आदू माझ्या लग्नात म्हणाला, "सातारकर, आज सांगतो. त्या दिवशी नाही म्हणलेला एकटा मी व्हतो." रफीक मिरजेच्या स्टेशनवर चहा पिताना अगदी हेच बोलला. संभा तर अनेकदा. मी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, झालं गेलं." आदू आणि संभा यांच्या गावांत तासाभराचं अंतर. तेवीस वर्षांत ते एकमेकांच्या दारात गेले नाहीत. आक्का दर वेळी मला विचारायच्या, "संभाचं कसं हाय?" मी सांगायचो, "शेतीत गुंतलाय." त्या गेल्या तेव्हा संभाला मीच कळवलं. तो आला नाही.

सह्यांचा कागद घेऊन मी आधी संभाकडं गेलो. सांगलीत मेव्हण्याची मोटरसायकल घेतली आणि कवठेमहांकाळच्या वाटेला लागलो. तिकडं आता कॅनॉलचं पाणी आलं आहे. संभाची द्राक्षबाग आहे आणि तो मांडवाखाली उभा राहून कात्रीनं घडातले मणी विरळ करत होता. केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाला, "या सातारकर. हातभार लावा, न्हाईतर सावलीत बसा."

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बोललो असतो. तीन नाही होते, होय एकही नव्हता, मी खोटं बोललो, असं सगळं एका दमात. त्याची कात्री थांबली नाही. चार-पाच घड झाले. मणी खाली पडत होते.

"तिघांनीबी?"

"तिघांनीही."

"रफीकनं?"

"त्यानंही दोनच दाबली होती."

त्यानं कात्री खिशात घातली. "त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आलती मला. नाव घालून, हातानं लिवल्याली. मी फाडली ती." मग त्यानं आपला हात उलटासुलटा करून बघितला. "आणि आक्का? मी सांगलीच्या वेशीपातूर आलतो रं त्या दिशी. म्हणलं, ज्यानं मला काढलं त्याच्या आयच्या मातीला कशाला जायाचं. माघारी फिरलो. मी आक्काच्या मातीला गेलो न्हाई, सातारकर."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आदूचा नंबर लाव."

मी नंबर लावून माझा फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून काय बोललं जात होतं ते मला ऐकू येत नव्हतं. "आदू, संभा बोलतोय," एवढं म्हणून त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "एक ईचारतो. ईचारायचं नसतंय, पर ईचारतो. त्या दिशी दोन बोटं दाबल्यालीस व्हय रं तू?" पलीकडून उत्तर आलं. संभा पालथ्या क्रेटवर खाली बसला आणि बागेतली माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं म्हणाला, "मीबी रं! मीबी दोनच!"

तो फोन कानाला धरून बसून होता आणि खांदे हलत होते. मी सह्यांचा कागद दुसऱ्या क्रेटवर दगडाखाली ठेवला. मला वाटलं, आता हा मान वर करून मला शिवी देईल. त्याची मी वाट बघत होतो. त्यानं मान वर केली, फोनवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "रफीकला मी सांगतो. तू नगं जाऊ. फोन सांच्याला मेव्हण्याकडं पोचता करतो." आणि पुन्हा फोनमध्ये, "हां आदू, बोल. हाय मी, हाय."

मी मांडवाबाहेर आलो. मोटरसायकलचा सायलेन्सर फुटलेला, किक मारली की शिवार दणाणायचं. त्यांच्या बोलण्यात तो आवाज नको, म्हणून मी ती डांबरी रस्त्यापर्यंत हातानं ढकलत नेली.